तुपाचा वास

जुडाह आपटेकर अंडं फोडायचे ते स्वतःच्या हाताने, आणि एका वेळी एकच. लहानशा काचेच्या वाटीत फोडायचं, वाटी खिडकीशी नेऊन उजेडात फिरवायची, बलकावर रक्ताचा ठिपका नाही ना ते बघायचं आणि मगच मोठ्या भांड्यात ओतायचं. ठिपका दिसला की अंडं मोरीत. इस्राएल लोकांत, म्हणजे कोकणातल्या ज्यूंत, रक्त खाणं वर्ज्य, त्यामुळे पनवेलच्या झाडून सगळ्या इस्राएल घरांत अंडी अशीच बघून घेत. त्यात नवल काही नाही. नवल हे की जुडाहभाऊ माणसंही तशीच बघायचे. समोरचा काही बोलला की त्याला मनातल्या मनात वाटीत फोडून, उजेडात धरून, दोनदा फिरवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

देवाने नोकरीही अशी दिली की स्वभावाला खतपाणीच मिळावं. उभी हयात एस.टी.त तिकीट तपासनीस म्हणून गेली. पेणच्या रस्त्यावर नाहीतर खोपोलीकडे कुठेतरी आडबाजूला उभं राहायचं, हात करून गाडी थांबवायची आणि वर चढल्याबरोबर कंडक्टरकडे न बघता मागच्या बाकाकडे बघायचं. ज्याच्याकडे तिकीट नाही तो माणूस त्या क्षणी खिडकीबाहेर बघतो, असं ते सांगत. रिटायर झाले तेव्हा गाड्या गेल्या, कंडक्टर गेले, उरलं सिनेगॉगमागच्या गल्लीतलं तीन खोल्यांचं घर. मग साहेबांनी घराचीच तपासणी सुरू केली.

त्या घरात सणाचं जेवण ठरवणं हे बायकांचं काम नव्हतं. ते जुडाहभाऊंचं खातं होतं. भाद्रपद जवळ आला की नव्याचा सण, म्हणजे इस्राएल लोकांचं नवं वर्ष, त्यांच्या डोक्यात शिजायला लागायचं. ओटीवरच्या खुर्चीत बसून ते एकेकाला ड्यूटी लावल्यासारखी कामं लावत. हलव्याचा चीक कोणी काढायचा, नारळ कोणी खवायचे, रावस कुठल्या कोळिणीकडून आणायचा आणि तिच्या तोंडाकडे न बघता माशाच्या कल्ल्यात कसं बघायचं. नारळ ते स्वतः आणत. कानाशी हलवून, पाणी किती ते ऐकून, वर दुकानदाराच्या चेहऱ्याकडे निरखून बघून. एकेकाळी या घरात सणाला पंगती उठायच्या. पुढे अर्धी पंगत इस्रायलला निघून गेली, तरी जुडाहभाऊंचा बेत तेवढाच मोठा राहिला.

एवढ्या मोठ्या जगात एकच माणूस असं होतं की ज्याला त्यांनी कधी उजेडात धरून पाहिलं नाही. त्यांची बायको, एलिशेवा.

एलिशेवाच्या हातच्या मटणाची कीर्ती पार पेण-अलिबागपर्यंत होती. हिरव्या मसाल्याचं, नारळाच्या दुधातलं मटण. तसं प्रत्येक इस्राएल घरात होतं. कारण मांसाबरोबर दूधदुभतं त्यांच्यात चालत नाही, दही नाही, लोणी नाही, तूप तर नाहीच. तुपाची भांडी वेगळी, फळी वेगळी. पण एलिशेवाच्या मटणाला जी एक गोल, खमंग चव असायची ती दुसऱ्या कुणाला साधली नाही. जुडाहभाऊ पहिला घास घेत, डोळे मिटत आणि सगळ्यांदेखत म्हणत, "याला म्हणतात हात." कौतुकाच्या बाबतीत हा माणूस एरवी असा कंजूस की पोरगा मॅट्रिकला पहिल्या वर्गात आला तेव्हा गुणपत्रिका उलटी करून मागची बाजूही बघितली होती. एलिशेवा मात्र हसून आत जायची. स्वतः सगळ्यांमागून जेवायला बसायची आणि मासा-भात खायची. मटण घे म्हटलं तर म्हणायची, "मसाल्याने माझा घसा धरतो." आणि दरवर्षी दाराफळणीच्या आदल्या संध्याकाळी, म्हणजे वर्षाचा मोठा उपास सुरू होण्याआधी, लोक एकमेकांची माफी मागतात तेव्हा ती सगळ्यात आधी नवऱ्यापुढे उभी राहायची. "अहो, माझ्या हातून काही चुकलं असेल तर माफ करा." जुडाहभाऊ थट्टा करत, "अंड्यात ठिपका निघेल, पण तुझ्यात निघायचा नाही."

ती गेली तेव्हा जुडाहभाऊंना माणूस गेल्याचं दुःख झालंच, पण दर सणाला ते नव्याने व्हायचं आणि ते जिभेवरून सुरू व्हायचं. हे बोलून दाखवायची त्यांना लाज वाटे. मग ते दुसरंच काहीतरी बोलत.

ते ऐकून घ्यायला घरात सून आली होती. मुलगा रोनेन तळोज्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर. त्याने लग्न केलं ते ठाण्याच्या नीता कर्णिकशी, तेही कोर्टात. कर्णिकांची मुलगी म्हणजे मटणात तयार, पण त्यांच्याकडे मटणाला दही लावतात आणि वरून तूप सोडतात, हे जुडाहभाऊंनी लग्नाआधीच कुठूनतरी काढलं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला दोन फळ्या दाखवल्या. "ही मांसाची, ही दुधाची. इथला चमचा तिथे गेला की घर बाटलं." नीता विमा कंपनीत नोकरी करणारी, शांत मुलगी. तिने मान डोलवली आणि दुसऱ्या दिवशी दुधाच्या सगळ्या भांड्यांच्या कडीला निळा दोरा बांधला. एखाद्याला बरं वाटलं असतं. जुडाहभाऊंना वाटलं, एवढी काळजी घेते म्हणजे पाणी मुरतंय.

नीताने पहिल्या वर्षी मटण केलं. जुडाहभाऊंनी घास घेतला, डोळे मिटले, उघडले आणि म्हणाले, "एलिशेवाच्या हातचं नाही." दुसऱ्या वर्षी तेच, तिसऱ्या वर्षीही तेच. चौऱ्याण्णवच्या पेसाखला, म्हणजे वल्हांडणाच्या सणाला, तर त्यांनी एका घासानंतर ताट पुढे ढकललं आणि नुसत्या माशावर जेवले. त्यांची धाकटी बहीण रूबी ठाण्याहून आली होती, तीसुद्धा म्हणाली, "दादा, अरे चांगलं झालंय की." त्यावर ते म्हणाले, "चांगलं आणि बरोबर यात फरक असतो."

त्या संध्याकाळी रोनेन ओटीवर येऊन उभा राहिला. बापासमोर कधी आवाज न चढवणारा मुलगा, तेव्हाही चढवला नाही. "बाबा, रोडपालीला माझ्या मित्राचा फ्लॅट रिकामा आहे. मी त्याला थांबवून ठेवलंय. नव्याच्या सणाला जर तुम्ही परत नीताचं ताट ढकललंत, तर आम्ही तिकडे जाऊ. मला भांडायचं नाही. फक्त सांगून ठेवतोय."

जुडाहभाऊ "जा की" म्हणाले. रिकाम्या घरात एकट्याने सणाचं जेवण ठरवायचं म्हणजे काय, ते त्यांना रात्रभर दिसत राहिलं. त्यांना मुलगा जायला नको होता. खरं सांगायचं तर सूनही जायला नको होती, कारण दमा उसळला की पाण्याची वाफ द्यायला तीच उठायची. पण स्वभावाला औषध नाही म्हणतात ते काही उगाच नाही. मुलगा जाऊ नये म्हणून जीभ आवरायची, हा सरळ मार्ग त्यांना सुचला नाही. त्यांना सुचलं ते हे, की ही बाई काहीतरी करतेय आणि ते काय हे आपण शोधून काढलं पाहिजे.

शोधणाऱ्याला सापडतं. आषाढातल्या एका रविवारी नीता मसाल्याचा डबा पदराखाली घेऊन मागच्या दाराने बाहेर पडली, ते जुडाहभाऊंनी खुर्चीतून पाहिलं. ती गेली कमळाबाईकडे. कमळाबाई गल्लीच्या टोकाला राहायची. दारात दोन म्हशी, दूध आणि तूप विकायची, पनवेल खाडीकाठच्या गावातून लग्न होऊन आलेली आगरी बाई. एलिशेवाची आणि तिची जन्माची मैत्री. पण सुनेचं तिथे काय काम? दूध तर रोज घरपोच येत होतं. नीता परतली ती दुपार कलल्यावर. ओटीवरून आत जाताना तिच्या साडीला वास आला. मटणाचा, आणि त्यात मिसळलेला कढलेल्या तुपाचा. जुडाहभाऊंच्या नाकाने तो पकडला, जसा पूर्वी ते मागच्या बाकावरचा माणूस पकडायचे तसा.

"कुठे गेली होतीस?"

"कमळाकाकूंकडे, बाबा. त्यांच्याकडे गटारीचं जेवण होतं, थोडी मदत केली." तिने हे सांगितलं तेव्हा ती खिडकीबाहेर बघत होती.

झालं. जुडाहभाऊंनी त्याच दिवशी दुधाच्या फळीवरचा तुपाचा डबा खाली काढला आणि तूप कुठवर आहे तिथे बाहेरून पेन्सिलीने बारीक रेघ मारली. श्रावण आला. कमळाबाईच्या घरी मटण बंद झालं, पण नीताचं तिकडे जाणं बंद झालं नाही. कधी खोवलेला नारळ घेऊन जायची, कधी रिकाम्या हाताने जाऊन जळक्या खोबऱ्याच्या वासाची यायची. जुडाहभाऊ रोज रेघ बघायचे. घरात पोळीला लावलं जाईल तेवढंच तूप कमी व्हायचं, त्याहून थेंबभर जास्त नाही. दुसऱ्या कुणाचं मन निवळलं असतं. हे म्हणाले, "म्हणजे बाहेरून आणते."

त्या वर्षी नव्याचा सण आणि गणपती पाठोपाठ आले. सणाच्या दिवशी जुडाहभाऊंनी सिनेगॉगात प्रार्थना चालवणाऱ्या हजानकडून कापून आलेलं मटण स्वतः मोजून सुनेच्या हातात दिलं आणि खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात ओढून बसले. नीता एकदा म्हणाली, "बाबा, धूर होईल तुम्हाला, दमा उसळेल." ते म्हणाले, "होऊ दे." तिने मसाला वाटला, कांदा तेलात परतला, मटण टाकलं. एका लहान कढईत तिने नारळाचा दाट रस वेगळाच चढवला आणि कितीतरी वेळ ढवळत राहिली. तेवढ्यात बाहेर रूबी आली, पिशव्या उतरवायला जुडाहभाऊंना उठावं लागलं आणि परत येऊन बघतात तर लहान कढई रिकामी, धुऊन पालथी घातलेली. हे त्यांनी ध्यानात ठेवलं.

संध्याकाळी दिवे लागले. रोनेनने प्रार्थना म्हटली, सफरचंद मधात बुडवून सगळ्यांना दिलं, खजूर झाला, डाळिंबाचे दाणे झाले. मग ताटं आली. रोनेन बापाकडे बघत नव्हता. नीता डाव घेऊन पातेल्याशी उभी होती. रूबी उगाचच ठाण्यातल्या पाण्याबद्दल बोलत होती. जुडाहभाऊंनी भाताला मटणाचा रस लावला आणि पहिला घास घेतला.

तीच चव. गोल, खमंग, मसाल्याच्या मागून सावकाश येणारी आणि घशाखाली उतरल्यावरही राहणारी. जुडाहभाऊंचे डोळे मिटले आणि मिटलेल्या डोळ्यांना पाणी आलं. एलिशेवा आत्ता पदराला हात पुसत आतून येईल असं त्यांना वाटलं. एवढं सुख त्या माणसाला कित्येक वर्षांत झालं नव्हतं, आणि ते दोन घास टिकलं. तिसऱ्या घासाला मनातला तपासनीस जागा झाला. चार वर्षं जे जमलं नाही ते एकाएकी कसं जमलं? आषाढात साडीला वास कसला होता? ती कढई इतक्या घाईने का धुतली?

"यात तूप आहे," ते म्हणाले.

नीता म्हणाली, "नाही बाबा. तूप नाही."

"मला शिकवू नकोस. जीभ आहे मला. ही तुपाची चव आहे." आणि त्यांनी ताट पुढे ढकललं.

नीताने ताट उचललं. ते ताट आत नेऊन ठेवताना तिच्या हातून वाटी पडली. रोनेनने स्वतःचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "दाराफळणी झाली की मी टेम्पो सांगतो." आपलं बरोबर आहे याची जुडाहभाऊंना पक्की खात्री होती. चव बरोबर असताना आपण ताट ढकललं, एवढं एकच त्यांना टोचत होतं.

पण पुराव्याशिवाय केस करणारा हा माणूस नव्हे. मुलगा घर सोडतोय तर निदान त्याला कळू दे की बाप खोटा नव्हता. गणपती बसल्याच्या दुसऱ्या दिवशी जुडाहभाऊ छत्री टेकत कमळाबाईकडे गेले. ओटीवर गणपती होता, आत मोदकांची गडबड चालली होती आणि कढत्या तुपाचा वास अंगणापर्यंत आला होता. कमळाबाईने त्यांना बाकावर बसवलं.

"कमळाबाई, मला एक खरं सांगा. माझी सून तुमच्याकडून तूप नेते का?"

कमळाबाईने मोदकाची पारी हातातच ठेवली. "नाय."

"मग आषाढात ती इथे काय करत होती? तुपाचा वास होता तिच्या अंगाला. मी स्वतः घेतला."

"व्हताच. माझ्या चुलीवर, माझ्या टोपात, माझं मटान शिजवलं तिनं. आर्ध्यात तूप घातलं, आर्ध्यात नाय. दोन्ही चाखून बघितलं."

"बघा," जुडाहभाऊ म्हणाले. आवाजात जिंकल्याचा सूर होता. "तूप घालायची तालीमच करत होती म्हणायची."

"तूप न घालायची तालीम करीत व्हती," कमळाबाई म्हणाली. "त्या तुपाची चव तुपाबिगर कशी आनायची, त्याच्यापायी सगला सरावन हितं नारल आटवीत बसली. दाट रस आटवायचा, त्याला त्याल सुटंपर्यंत, खाली बदामी कनी बसंपर्यंत. किती नारल जालले पोरीनं. मी बोलले, कशाला जीव काढतंस, घाल चमचाभर तूप, तुज्या सासऱ्याला काय कलतंय? तर बोलते, नाय काकू, बाबांना चालत नाय."

जुडाहभाऊंना हे पटलं नाही. दोन बायका मिळून आहेत, हे त्यांनी लगेच ताडलं. "पण चव तुपाचीच होती. मी ओळखली."

"वळखलीत ना?" कमळाबाईने आता पारी खाली ठेवली. "मंग मला सांगा भाऊ, तुमच्या घरात मटनात कवा तूप पडलं नाय. तुमी भाहेर कुठं खात नाय. मटनातल्या तुपाची चव तुमी वळखता कशी? कुनी चाखवली तुमाला?"

जुडाहभाऊंनी छत्रीची मूठ एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"तुमची सून नाय घालत तूप," कमळाबाई हळू म्हणाली. "घालायची ती एलिशेवाताय."

आत कुणीतरी कमळाबाईला हाक मारली, तिने ओ दिली नाही. ती सांगत राहिली. एलिशेवा नवी नवरी, पहिला सण, घरभर माणसं, आणि मटण बुडाला लागलं. घाबरून मागच्या दाराने पळत आली. कमळाबाईच्या सासूने वाटीत तूप दिलं, म्हणाली, वरून सोड, करपट वास मरंल. तिला तेव्हा काही सुचत नव्हतं, तिने सोडलं. आणि भरल्या पंगतीत जुडाहभाऊ म्हणाले, याला म्हणतात हात.

"पुढच्या सनाला तिनं बिनतुपाचं केलं. तुमी बोललात, गेल्या येलेसारखं नाय झालं. तवा ती रडत आली हितं. सासू बोलली नको करूस असं पाप. पन भाऊ, तुमी कुनाला बरं बोलनारं मानूस नाय. येक कवतिक मिललं व्हतं बिचारीला. ते सोडवंना तिला. दर सनाला चमचाभर तूप माज्याकडून न्यायची, म्हंजी तुमच्या डब्यातलं कमी नको व्हायला. पन तिनं सोता कवा खाल्लं नाय त्यातलं. येक घास नाय."

मसाल्याने माझा घसा धरतो. माझ्या हातून काही चुकलं असेल तर माफ करा. एलिशेवाची ही दोन्ही वाक्यं जुडाहभाऊंना पुन्हा ऐकू आली. बाहेर कुठेतरी आरती सुरू झाली. त्यांना राग आला, भयंकर राग आला, एवढी वर्षं आपल्या ताटात आपल्या धर्माविरुद्ध अन्न वाढलं गेलं याचा. पण तो राग कुणावर काढायचा ते कळेना. पनवेलपासून खोपोलीपर्यंतचा प्रत्येक कंडक्टर ज्याने तपासला, त्याच्या घरात इतकी वर्षं काय शिजत होतं ते त्याला कळलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. आणि मग राग ओसरला, खाली नुसती लाज उरली. एक चांगला शब्द त्यांनी इतका महाग करून ठेवला होता की तो मिळवायला बायकोने दर वर्षी पाप केलं आणि दर वर्षी त्याची माफी मागितली.

"नीताला हे माहीत आहे?"

"लगनाच्या दुसऱ्या वरसापासून. तिनंच खोदून खोदून इचारलं, आयची चव कशी आनू. मी सांगून बसले. तिनं मला शपत घातली, बाबांना कलता कामा नये. मी आज मोडली. गनपतीम्होरं मोडली, बघून घेईल तो."

त्यानंतरचे दिवस जुडाहभाऊ घरात मुक्याने वावरले. रोनेन खोकी बांधत होता. नीता नेहमीसारखी ऑफिसला जात होती आणि संध्याकाळी दोन फळ्यांची दोन भांडी वेगवेगळी घासत होती. रेघ मारलेला तुपाचा डबा त्यांनी एकदा गुपचूप खाली काढला आणि रेघ ओल्या फडक्याने पुसली. ती पूर्ण गेली नाही, पुसट राहिली.

दाराफळणीच्या आदल्या दुपारी ते स्वयंपाकघरात गेले. उपासाआधीच्या जेवणाला कटलेट होती, त्यासाठी अंडी काढलेली होती आणि काचेची वाटी नेहमीप्रमाणे त्यांच्यासाठी पुसून ठेवलेली होती. त्यांनी ती उचलली आणि नीतापुढे ठेवली.

"तू बघ."

नीताने हात पुसून वाटी घेतली.

"मी कमळाबाईकडे गेलो होतो," ते म्हणाले. "तू मला सांगितलं का नाहीस? मी चार वर्षं तुला बोलत होतो. एका वाक्यात माझं तोंड बंद झालं असतं."

नीताने एक अंडं फोडलं, उजेडात धरलं, फिरवलं. "झालं असतं. पण मग तुम्हाला आईंच्या हातचं एकही जेवण आठवता आलं नसतं. कडू झालं असतं सगळं." अंडं तिने मोठ्या भांड्यात ओतलं. "माझं काय बाबा, मी आज ना उद्या शिकले असते. शिकले पण."

माफी मागायची सवय जुडाहभाऊंच्या जिभेला नव्हती. दरवर्षी ती दुसऱ्याकडून घ्यायची असते, असंच ते धरून चालले होते. "माझं चुकलं," ते म्हणाले. "आजच्या दिवशी मागतात म्हणून नाही. खरंच चुकलं. मटण अगदी तसं झालं होतं, आणि मी ताट ढकललं. उपास सुटल्यावर परत करशील का?" दारात रोनेन येऊन उभा होता. त्याने सुतळीचा गुंडा खिडकीत ठेवला आणि बाहेर गेला. थोड्या वेळाने ओटीवर बांधलेलं खोकं उघडल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशीचा उपास सिनेगॉगात पार पडला. पांढऱ्या कपड्यांतले जुडाहभाऊ दिवसभर उभे होते, छातीवर मूठ आपटून पापांची कबुली म्हणत होते, आणि ती म्हणताना दोन माणसांची म्हणत होते. तारे दिसल्यावर घरी आले. नीताने आदल्या दिवशी करून ठेवलेलं मटण तापवलं, ताटं घेतली आणि वाढायला उभी राहिली.

"तू बस," जुडाहभाऊ म्हणाले. "आधी तू वाढून घे. आधी तू खा."

नीताचा चेहरा उतरला. रोनेनही ताठ झाला. ती म्हणाली, "अजून संशय आहे, बाबा?"

"नाही गं," ते म्हणाले. "तिने कधी माझ्यासमोर खाल्लं नाही. मी कधी विचारलं नाही. तू खाल्लेलं मला बघू दे."

नीता त्यांच्यासमोर बसली, भात कालवला आणि पहिला घास घेतला. जुडाहभाऊंनी तिच्याकडे बघत बघत स्वतःचं ताट जवळ ओढलं.